पंख्यावर फोडलेला नारळ

आमच्या नांदेडच्या मालकांनी विमान घेतलं, ते कुठं जायचं अडलं होतं म्हणून नव्हे. लातूरच्या एका अडत्याने त्यांच्या मोटारीपेक्षा लांब मोटार घेतली, एवढंच निमित्त. त्याहून लांब मोटार बाजारात मिळेना, तेव्हा मालकांनी थेट आभाळाला हात घातला. निजामी अमदानी अजून चालू होती. दुसरी लढाई अजून पेटायची होती. मालकांची कापसाची जिनिंग जोरात चालायची, आणि हौसेला मोल नसतं. मी तेव्हा हैदराबादेत विमान चालवायला शिकून घरी माशा मारत होतो. वडील वकील. ते मला तहसील कचेरीत चिकटवायच्या खटपटीत होते. मला मात्र उडायचं होतं, दुसरं काही म्हणजे काही नको होतं. आमच्या मुलखात विमान हे एवढं एकच. ते हातचं गेलं की मी कारकून, हे मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पक्कं ठाऊक होतं.

रुजू झालो आणि कळलं की मी मुनीमजींच्या हाताखाली. जिनिंगमध्ये चाकं असलेलं जे जे म्हणून होतं, ते मुनीमजींच्या ताब्यात: बैलगाड्या, छकडा, मोटार. विमानालाही चाकं होतीच. मुनीमजी विमानात कधी बसले नाहीत, पण ते कसं चालवावं याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. एकदा ढग खाली उतरलेले पाहून मी उडायला नकार दिला, तर पानाला चुना लावत ते म्हणाले, "पायलटसाहेब, आमचे गाडीवान आजपातुर कधी म्हनले न्हाईत, की आज आभाळ हाय."

मी त्यांना वारा, ढग, धुकं सगळं नीट समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओसरीवरची माझी खुर्ची नाहीशी झाली आणि तिथं बाकडं आलं.

तेव्हा मोटारीच्या ड्रायव्हरला माझी दया आली. हा गडी मालकांच्या चाकरीत मुरलेला. त्याने मला पिंपळाखाली नेलं आणि विचारलं, "साहेब, तुमी 'न्हाई' कामून म्हनून राहिले? मालकाला 'न्हाई' ऐकायची सवय न्हाई. आपन 'हाव मालक' म्हनायचं, आन मंग यंत्राला 'न्हाई' म्हनू द्यायचं."

तो स्वतः हेच करी. मालक लातूरला निघायचं म्हणाले की "हाव मालक!" आणि मोटार हटकून कंधारच्या अलीकडे बंद पडे. कंधारला त्याची सासुरवाडी होती. तिथं त्याचा चहा होई, जेवण होई, मेहुण्याशी गप्पा होत, आणि मग मोटारीला जीव येई. मालक उलट त्याचंच कौतुक करत: "कुठंबी बंद पडू द्या, आपला गडी चालू करतोच."

मीही शहाणा झालो. विमानाच्या इंजिनात ठिणगी पाडणारा मॅग्नेटो नावाचा भाग असतो. हवा वाईट दिसली की मी "हाव मालक" म्हणे आणि थोड्या वेळाने येऊन मॅग्नेटो बिघडल्याचं सांगे. मुनीमजींना ते नाव फार आवडलं. मॅग्नेटो बिघडला म्हणजे आज जाणं नाही, हे ओसरीवर सगळ्यांना बरोबर समजत होतं. मालकांना कुणी नाही म्हटलेलं नव्हतं, सबब कुणाचा मान जात नव्हता. माझी खुर्ची परत आली.

मग आली खंडेनवमी, हत्यारं-अवजारं पुजायचा दिवस. जिनिंगची यंत्रं, तराजू, मोटार, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या. मोटारीचा नारळ तिच्या पुढच्या लोखंडी दांडीवर फुटला. मग मंडळी विमानाकडे वळली. विमानाचे पंख कापडाचे, अंग पातळ लाकडाचं. नारळ फोडावा कुठं? मालकांनी एक फेरी मारली आणि त्यांना नाकासमोरचा पंखा टणक दिसला. "पंख्यावर नको, तो लाकडाचा आहे," असं मी ओरडेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी नारळ आपटला. त्याची सरळ दोन भकलं झाली. पाणी गोड निघालं. सगळ्यांनी जयजयकार केला. मी रुमालाने कुंकू पुसलं, तर पात्याच्या बुडाशी केसाएवढी चीर गेलेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. मालकांना लातूरला आभाळातून उतरून त्या अडत्याच्या हातात आपट्याचं सोनं ठेवायचं होतं. तसा सांगावा लातूरभर फिरलाही होता. मी त्याच संध्याकाळी ओसरीवर गेलो. मुनीमजी होते, ड्रायव्हर होता, पाहुणे होते. मी म्हणालो, "मालक, पंख्याला चीर गेली आहे. नवा मुंबईहून मागवावा लागेल. हा घेऊन उडालो तर वर गेल्यावर पातं निखळेल, आणि आपण दोघंही जाऊ."

मालक मोठ्याने हसले. "आवो, मॅग्नेटो म्हना की सरळ!"

सगळी ओसरी हसली. मला ते सुटायची वाट दाखवत होते, एवढं काही मला कळत नव्हतं असं नाही. पण मॅग्नेटो म्हणालो तर उद्याचं टळेल; नवा पंखा काही येणार नाही, आणि पुढच्या निरभ्र दिवशी मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

"मॅग्नेटो नाही मालक. नारळाने चीर गेली."

मालकांच्या तोंडावरचं हसू गेलं. "म्हंजे माझ्या पूजेनं इमान मोडलं?"

"देवाच्या नारळानं कधी काई मोडत असतंय व्हय?" मुनीमजी म्हणाले. "मोटारीवर फोडला, तिला काई झालं का?"

"ती लोखंडाची आहे."

ड्रायव्हर मागून माझा कोट ओढत होता. "मॅग्नेटो म्हना साहेब, मॅग्नेटो." मी म्हणालो नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर मरायचंही नव्हतं.

"मंग बसा घरी," मालक म्हणाले. मी खुर्चीवरून उठलो आणि मुनीमजींनी ती लगेच आत न्यायला लावली.

दसऱ्याला मालक मोटारीने निघाले. ड्रायव्हर "हाव मालक" म्हणाला. कंधारच्या अलीकडे मोटार बंद पडली. अडत्यासाठी नेलेलं सोनं मालकांनी ड्रायव्हरच्या सासऱ्याला दिलं. अशा अडचणीत मोटार पुन्हा चालू केली म्हणून परत आल्यावर ड्रायव्हरला फेटा बांधण्यात आला.

मी तहसील कचेरीत चिकटलो. माझ्या जागी मुंबईहून नवा पायलट आला. ड्रायव्हर मला सांगत होता: त्याने पहिल्याच दिवशी पंख्यावरून बोट फिरवलं, चीर पाहिली, ओसरीकडे पाहिलं, आणि मॅग्नेटो बिघडलाय, तो विलायतेहून आणवावा लागेल, असं सांगितलं. मॅग्नेटो काही येईना. पायलटाच्या खुर्चीला गादी मिळाली.

पुढच्या खंडेनवमीला राहवेना, म्हणून विमान ठेवलेल्या माळावर मी गेलो. विमान माळा घालून उभं होतं. पंख्यापुढे जमिनीत एक काळा दगड नवा रोवलेला होता. मालकांनी पंख्याला दोन बोटांनी हलकेच कुंकू लावलं, मग वाकून नारळ त्या दगडावर फोडला. दगड कशाला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

मुनीमजींनी माझ्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घ्या, पायलटसाहेब." आभाळ स्वच्छ होतं, वारा बेताचा. उडायला याहून चांगला दिवस मिळत नाही. नवा पायलट खुर्चीवर बसून खोबरं खात होता. मी तुकडा तोंडात टाकला. तो तसाच गालात धरून मी घरी आलो, आणि त्यानंतर मी कधी विमानात बसलो नाही.