तीन महिन्यांचा नवस

बायको चप्पल घालीना म्हणून मी तिला तिच्याच चपलेने मारलं. दोनदा दंडावर, एकदा मानेवर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे लिहिताना मी स्वतःचीच बाजू मांडत बसेन. मला ती सवय आहे.

माजलगावात माझं बियाण्यांचं, खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. ठरलेला माल खपवला की कंपन्या आम्हा दुकानदारांना सहलीला नेतात. त्या वर्षी बँकॉक होतं. जन्मात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. बायकोने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, तिकडचं काही पोटाला मानवायचं नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बरोबरच्या दुकानदारांपैकी एक म्हणाला, "काय बे, इतक्या लांब येऊन धपाटेच खायचे का?" सगळे हसले. मीही हसलो आणि सगळ्यांबरोबर गेलो. मला कुणी हाताला धरून ओढत नेलं नव्हतं. त्या बाईचा चेहरा मला आठवत नाही. बाहेर आल्यावर भूक लागली होती, तेवढं आठवतं.

घरी परतल्यावर दोन दिवस मी बायकोजवळ झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवीला गेलो आणि भिंतीला हात टेकून उभा राहिलो, इतकी आग झाली. चड्डीला पिवळा डाग होता. चड्डी मी स्वतः धुतली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि स्वतःचा कपडा धुण्याची ती पहिलीच वेळ.

माजलगावातले डॉक्टर सगळे ओळखीचे, म्हणून बीडला गेलो. तिथला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने तपासलं, इंजेक्शन दिलं, गोळ्यांची दोन पाकिटं समोर ठेवली. "एक तुमचं, एक बायकोचं. तिला आजच द्या. तिला त्रास नसला तरी द्या. एचआयव्हीचं रक्त आज घेतो, पण आज काही निघालं नाही म्हणजे सुटलात असं नाही. तीन महिन्यांनी परत या. तोवर तिच्यापासून लांब राहा." त्या दिवशी रक्तात काही निघालं नाही.

दोन गोष्टी सांगितल्या होत्या. लांब राहण्याची मी पाळली, तिला गोळ्या देण्याची पाळली नाही. बायको बी.ए. झालेली आहे, वडापाव बांधून आलेला कागदही वाचून मग टाकते. गोळ्यांचं नाव वाचल्याशिवाय तिने त्या गिळल्याच नसत्या. पाकीट दुकानातल्या ड्रॉवरमध्ये जुन्या कॅलेंडरांखाली ठेवलं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज गिऱ्हाईक यायचं, आणि गिऱ्हाईक आलं याचा मला आनंद व्हायचा.

वेगळं झोपायला कारण हवं होतं. मी म्हणालो, "नारायणगडाला नवस बोललोय. तीन महिने वेगळा झोपणार."

"कशासाठी बोललात?"

"धंद्यासाठी."

तिने माझं अंथरूण वेगळं काढून ठेवलं. मग म्हणाली, "मग एकट्यानंच कावून? संसार दोघांचा हाय. तुमी वेगळं झोपा, मी तीन महिने अनवाणी राहते."

मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दळण आणायला अनवाणी गेली.

तेव्हा ऊन काय होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. दुपारी डांबर पायाला चिकटायचं. आठ दिवसांत तिच्या टाचा फुटल्या. संध्याकाळी ती ओट्यावर बसून भेगांमध्ये मेण भरायची आणि मी आत आलो की पाय साडीखाली ओढून घ्यायची. नवऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. मला वाईट वाटत नव्हतं, राग येत होता. ते पाय दिसले की कुणीतरी माझी कॉलर धरतंय असं वाटायचं.

भीतीने माणूस मवाळ होतो असं मी ऐकलं होतं. मी उलटा निघालो. काउंटरमागे मोबाईलवर रोगांची चित्रं बघायचो, मग घरी येऊन कुणाला तरी झोडायचो. टॉवेलने, ताटाने, कपाने एचआयव्ही पसरत नाही हे वाचलं होतं, समजलंही होतं. तरी माझी मुलगी, अकरा वर्षांची, माझ्या नेलकटरने नखं काढत बसलेली दिसली तेव्हा मी ते हिसकावून अशी थोबाडीत दिली की ती दाराच्या चौकटीवर आदळली. कारण काय सांगणार? म्हणालो, "विचारल्याशिवाय वस्तू घेतेस?" ती रडली नाही. कानावर हात ठेवून माझ्याकडे नुसती बघत राहिली. रोगापासून मी तिला वाचवलं, असंच मी त्या दिवशी मनाला सांगितलं.

महिना होत आला तेव्हा बायकोच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सुजला. मी म्हणालो, "पुरे झालं, चप्पल घाल."

"तीन महिने म्हणलंय."

"नवस माझा आहे. मी सांगतो ना, घाल."

"देवाला बोललेलं असं मोडाय येत न्हाई. तुमच्या धंद्याला काय झालं म्हंजे?"

मग मी कोपऱ्यातली चप्पल उचलली. मारताना ओरडत होतो, "घालतीस का न्हाई? घालतीस का न्हाई?" शेजारच्या घरातला टीव्हीचा आवाज बंद झाला. ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसली आणि सुजलेला पाय मात्र तिने पुढेच ठेवला होता, दुमडता येत नव्हता म्हणून. चप्पल तिने घातली नाही. मी दुकानात जाऊन ड्रॉवर उघडलं, ते पाकीट हातात घेतलं, परत ठेवलं.

त्यानंतर ती वाकून चालायला लागली. मला वाटलं, पायामुळे. ओटीपोट दुखत होतं, अंगावरून पांढरं जात होतं, हे तेव्हा तिने कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्याची उष्णता म्हणून सब्जा भिजवून प्यायची. एक दिवस भरल्या तापात ती एकटीच सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि विचारलं, मालक बाहेरगावी असतात का? पुढच्या वेळी त्यांना घेऊन या, हे त्यांच्याकडून आलंय.

तिथून ती थेट दुकानात आली. पेरणीचे दिवस तोंडावर आलेले, कपाशीच्या बियाण्यासाठी दोन शेतकरी काउंटरवर उभे होते. ती बाजूला थांबली नाही. हातातलं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "कोण व्हती?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. मी काय केलं ते लिहिताना आजही हात जड होतो. मी त्या दोन माणसांदेखत तिलाच म्हणालो, "मला कावून विचारती? तूच कुठं शेण खाल्लं ते सांग."

शेजारी फवारणीच्या पंपांच्या पितळी नळ्या उभ्या करून ठेवलेल्या असतात. तिने एक उचलली आणि सरळ माझ्या कपाळावर घातली. दुसरी खांद्यावर बसली. मी काउंटरच्या आत कोसळलो, अंगावर पोटॅशच्या पुड्या पडल्या. शेतकरी "वहिनी, वहिनी" करत मागे सरले. ती आत आली, तिसऱ्यांदा नळी उचलली आणि मला कळलं की ही आता थांबणार नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. मी हात वर केला नाही.

मग भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. ते पाहिल्यावर तिच्या हातातली नळी गळून पडली. चौदा वर्षांची सवय. पदराचा बोळा करून ती माझ्या कपाळाला लावायला वाकली आणि मी जनावरासारखा ओरडलो, "हात लावू नको! माझ्या रक्ताला हात लावू नको!"

पायांनी मागे सरकत मी भिंतीला टेकलो. ती पदर हातात धरून तशीच वाकलेली राहिली. तिला सगळं समजलं. कुठला नवस, कसला नवस, नेलकटर, चपलेचा मार, सगळं. "कवापासून म्हाईत हाय तुमाला?" तिने विचारलं. मी ड्रॉवरकडे बोट दाखवलं. तिने ते उघडलं, कॅलेंडरांखालचं पाकीट काढलं, नाव वाचलं. दवाखान्यातून आणलेल्या गोळ्यांचंच नाव होतं. ती दाराजवळच्या माठाशी गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि घरी गेली. कपाळाला सहा टाके पडले. पंप अंगावर पडला असं मी गावाला सांगितलं. त्या दोन शेतकऱ्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण हंगामभर लोक दुकानात शिरताना माझ्या कपाळाकडे आधी बघायचे.

उरलेले दिवस ती मुलीच्या खोलीत झोपली. जेवण वेळेवर वाढायची, बोलायची नाही. मी घरात कुणावर हात उगारला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. उगारायला कारणच उरलं नव्हतं, लपवायचं जे होतं ते उघड्यावर आलं होतं. मी दिवस मोजत होतो. माझी भीती आता अर्धी तिच्यासाठी होती. तिच्या रक्तात निघालं तर मुलीचं कसं, यापुढे माझा विचार जात नव्हता.

तीन महिने झाल्यावर दोघं बीडला गेलो. रक्त द्यायला तिने बाही वर केली तेव्हा दंडावर काही दिसत नव्हतं, डाग कधीच विरून गेले होते. तरी रक्त घेणाऱ्या बाईने रबर बांधायला हात पुढे केला तशी बायको दचकून मागे सरली. "दुखणार नाही, ताई," ती बाई म्हणाली. बायकोने डोळे मिटून हात पुढे केला. मी तिथेच उभा होतो.

तासाभराने एकेकाला आत बोलावलं. माझ्या रक्तात काही नव्हतं. तिच्याही रक्तात काही नव्हतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी हुंदके देऊन रडलो, येणारे-जाणारे थांबून बघत होते. कुणीतरी गेलं असावं असं त्यांना वाटलं असेल. "वाचलो," मी म्हणालो, "आपण वाचलो," आणि तिचा हात धरायला गेलो.

तिने हात मागे घेतला. आवाज चढवला नाही. "आता मला हात लावायचं तुमाला भेव न्हाई," ती म्हणाली. "मला हाय."

बसला गर्दी होती. तिला एका म्हातारीशेजारी जागा मिळाली, मी शेजारीच दांडा धरून उभा राहिलो. वाटेत वडवणीला म्हातारी उतरली. बायकोने मांडीवरची पिशवी उचलली आणि त्या रिकाम्या जागेवर ठेवली.