रुमालाने धरलेली जागा

माझ्या वरच्या खोलीतला भाडेकरू एका जागी बसत नाही. चहासुद्धा गच्चीवर फेऱ्या मारत पितो. इंटरनेटवर यंत्रं एकमेकांशी बोलताना जे नंबर वापरतात, ते कुणाला कसे द्यायचे, हा नियम त्याला ऑफिसच्या कामासाठी ठरवायचा होता.

"मावशी, नंबर थोडे हायेत. दिलेला परत घेता येत न्हाई. मागंल त्याला द्यावा, का आधी जाणकारानं तपासावं?"

"दे मागंल त्याला अन् जेवून घे."

परवा औशाहून लातूरला आम्ही एकाच एसटीत होतो. माझ्या शेजारची जागा कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकून धरली होती. गाडी हलली तरी ती रिकामीच. एक म्हातारा बसू लागला, तर भाडेकरूने अडवलं. "थांबा बाबा, रुमालवाला मागं उभा असंल." स्वतःही बसला नाही, गर्दीत मान उंचावून बघत राहिला.

लातूर आलं, रुमालवाला आलाच नाही.

"बघा मावशी, मागंल त्याला दिलं की असं होतंय. तपासणाराच पाहिजे. आजच हापिसात कळवतो."

"आज तपासणारा तूच होतास की. म्हातारा उभाच आला."

त्याने फोन काढला, तसाच खिशात ठेवला आणि स्टँडवर फेऱ्या मारू लागला.