थेंब आणि अंगठा

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणी ओळखत नाही. ओळखणार तरी कसं? पेशंटची आणि तिची गाठ पडते दोन मिनिटं, त्यातही हिच्या तोंडावर फडकं आणि त्याचं लक्ष सुरीकडे. मग तो झोपतो. जागा होतो तेव्हा समोर सर्जन उभा असतो. पाया पडणं सर्जनच्या, परड्यातली वांगी सर्जनला. जिनं तासभर त्याचा श्वास मोजला ती तोवर हात धुऊन घरी गेलेली असते.

डॉ. शरयू नांद्रेकर १९५३ साली मुंबईहून भुलीचा डिप्लोमा घेऊन कोल्हापुरात आली, तेव्हा तिला हे ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि रोज सोसणं वेगळं. वय बत्तीस, गाव कुरुंदवाड, वडील शाळामास्तर. लग्न झालेलं नव्हतं आणि आता होईल असं घरात कोणी म्हणतही नव्हतं. मंगळवार पेठेत माई नावाच्या घरमालकिणीनं तिला खोली दिली, ती घरात लेडी डॉक्टर असलेली बरी म्हणून.

"बाळंतपणं करता ना?" माईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही. मी भूल देते. माणसाला झोपवते."

"आणि मग?"

"मग जागं करते."

माईंनी बोटं मोजली. "एवढ्यासाठी सात वर्षं शिकलात?"

शाहूपुरीतल्या डॉ. इंगवल्यांच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. इंगवले म्हणजे हात सोन्याचा आणि तोंड फाटकं. ती येण्याआधी नर्स तोंडावर जाळी धरून ईथरचे थेंब सोडायची, नाहीतर इंगवले स्वतःच कण्यातल्या पाण्यात औषध सोडून, म्हणजे स्पायनल देऊन, लगेच सुरी हातात घ्यायचे. ईथर दम्याच्या माणसाला सोसत नाही. स्पायनलनं कधीकधी ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं. या दोन्हींच्या मधली वाट शरयू मुंबईत पाहून आली होती. तिचं नाव एपिड्यूरल. सुई कण्यातल्या पाण्यापर्यंत न्यायचीच नाही. पाण्याच्या पिशवीच्या अलीकडे जोंधळ्याच्या दाण्याएवढी पोकळी असते, तिथं थांबायचं आणि औषध सोडायचं. माणूस जागा राहतो, बोलतो, फक्त कमरेखाली त्याला काही कळत नाही.

वाचायला सोपं आहे. मुंबईत तिनं हे सहा वेळा पाहिलं होतं आणि दोनदा केलं होतं. दोन्ही वेळा तिच्या हातावर शिकवणाऱ्या सरांचा हात होता. सरांची रीत थेंबाची. सुईच्या मागच्या तोंडाशी मीठपाण्याचा एक थेंब लोंबता ठेवायचा आणि सुई हळूहळू पुढं न्यायची. पोकळी आली की थेंब आत ओढला जातो. दुसरे एक डॉक्टर अंगठ्याची रीत वापरत. सुईला मीठपाण्यानं भरलेली पिचकारी लावायची आणि दांड्यावर अंगठा दाबून ठेवायचा. चिवट पडद्यात दांडा हलत नाही. पोकळीत शिरलं की एकदम सरकतो. शरयू सरांची विद्यार्थिनी, तेव्हा तिनं थेंब धरला. आपण कोणाचे, यावरच माणसं बरंचसं ठरवतात. डॉक्टरही माणसंच.

चिमणाबाई ही तिची कोल्हापुरातली पहिली. चाळिशीची, छाती दम्यानं भरलेली, गर्भाशय उतरून अंग बाहेर आल्याचं ऑपरेशन. शरयूनं तिला टेबलावर पाय सोडून बसवलं, उशी पोटाशी धरायला दिली आणि पाठ गोल करायला सांगितली. चिमणाबाई शहाणी. छान वाकली. सुई आत, थेंब लोंबता, अजून गव्हाएवढं अंतर उरलेलं. तेवढ्यात समोरचं दार उघडून इंगवले आत आले.

"काय, झालं का न्हाय अजून?"

चिमणाबाईनं अंगावरची चादर पदर समजून डोक्यावर ओढली आणि ती ताठ बसली.

पाठ सुईवर आली, थेंब दिसेनासा झाला आणि सुईतून टपटप पाणी गळायला लागलं. पिशवी फुटली होती. इंगवले म्हणाले, "असू दे, स्पायनल समजून औषध सोडा," आणि ऑपरेशन पार पडलं. पण नंतर आठ दिवस चिमणाबाई उशीवरून मान उचलू शकली नाही. पाणी गळलं की डोकं असं दुखतं की उजेडही सोसवत नाही.

"चिमणाबाई, ताठ का बसलात?" शरयूनं तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत विचारलं.

"डाक्तरसायेब आलं की वो समोर. थोर मानसाम्होरं पाठ उघडी टाकून वाकून बसायचं व्हय?"

इंगवल्यांनी वऱ्हांड्यात सगळ्यांदेखत सुनावलं, "नांद्रेकरबाई, तुमचं मुंबईचं मुंबईला ठेवा. हितं आमची बाटली बरी."

पेशंट का ताठ बसली, हे तिनं तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मान खाली घालून ईथरची बाटली उचलली. सरांना मात्र पाच पानी पत्र लिहिलं. उत्तराला कार्ड आलं: थेंबावर नजर ठेव, घाई करू नको, प्रकृतीला जप. झालं. अख्ख्या शहरात दुसरा माणूस नव्हता ज्याला 'तुमचा थेंब कधी चुकला का हो' असं विचारावं. माईंना विचारणार? माई म्हणाल्या असत्या, डोळ्यांत घाला.

तेव्हा तिनं एकटीनं शिकायचं ठरवलं. जिच्या घरी तीन पिढ्यांत अंडं शिजलं नव्हतं, तिनं दवाखान्यातल्या आया तानाबाईला सांगितलं, "बकऱ्याच्या कण्याचा सलग तुकडा आण. मधे सुरी घालू देऊ नको."

तानाबाई दर रविवारी आणायला लागली. "खाटीक इचारतोय, डाक्तरीणबाईंच्या घरी पावणं किती?"

दवाखान्याच्या मागच्या खोलीत शरयू दार लावून बसायची. पहिल्या दोन रविवारी तिनं थेंबच करून पाहिला. थेंब जागचा हलेना. जिवंत अंगात ओढ असते, मेलेल्या बकऱ्यात कुठली? थेंबाला जिवंत माणूस लागतो आणि शेजारी शिकवणारा लागतो. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. मग तिनं पिचकारी लावली. अंगठ्याला मात्र मेलेला कणाही खरं सांगत होता. चिवट, चिवट, चिवट, आणि एकदम मऊ. पावसाळाभर तिनं तेच केलं. पुढं डोळे मिटून केलं. सरांची रीत वाईट नव्हती, पण एकटीला शिकता येईल अशी नव्हती. म्हणून तिनं अंगठा निवडला. पुस्तकात हे कारण सापडायचं नाही.

काम आटोपलं की तानाबाई तुकडा पदराआड घ्यायची. "मीठपानीच घातलंय न्हवं? मग रश्शात मीठ बेतानं घालते."

दिवाळी झाली आणि राधानगरीकडचे गणपतराव आले. सत्तरीचे. हर्निया वरचेवर अडकत होता, छाती भात्यासारखी वाजत होती आणि नाडी मधेच चुकत होती. ईथरचा प्रश्नच नव्हता. स्पायनल द्यायला इंगवलेही कचरले. अशाच एका म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर त्यांच्या हाताखाली पडलं होतं, कसाबसा वाचला होता.

"मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात धाडतो," ते म्हणाले.

"मला करू द्या," शरयू म्हणाली. "या वेळी चुकलं तर पुन्हा ईथरपलीकडं तोंड उघडणार नाही. फक्त मी हाक मारेपर्यंत तुम्ही बाहेर थांबायचं."

"माझ्याच थेटरातनं मला भाईर काढता?"

"तुम्ही आत आलात की पेशंट ताठ बसतो. चिमणाबाई बसली होती. तुम्ही मोठे आहात हे पेशंटला कळतं, सुईला कळत नाही."

इंगवले दारापर्यंत गेले आणि वळले. "हा टोमणा म्हणायचा का कौतुक?"

"दोन्ही."

ते बाहेर थांबले. तानाबाईनं समोरून गणपतरावांचे खांदे धरले.

"भाताची रोपं लावताना वाकता तसे वाका," शरयू म्हणाली.

"बसून व्हय?"

"बसून."

"बसून रोप लावणारा आळशी असतोय की वो बाई." पण वाकले.

सुई आत गेली. अंगठा दाबत होता, दांडा हलत नव्हता. म्हाताऱ्याचे पडदे वाळलेल्या चामड्यासारखे. एकदा हाड लागलं. तिनं सुई मागं घेतली, कल बदलला, पुन्हा निघाली. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. चिवट. चिवट. मग दांडा लोण्यात बोट जावं तसा सरकला. तिनं पिचकारी काढली आणि वीस आकडे मोजले. सुई कोरडी. एक थेंबही पाणी नाही.

पोचले, असं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. तानाबाई पलीकडच्या बाजूला, तिला फक्त म्हाताऱ्याचं टक्कल दिसत होतं. दार बंद होतं आणि ते तिनंच बंद करायला लावलं होतं.

औषध सोडून तिनं वीस मिनिटं वाट पाहिली. मांडीला टाचणी लावली. "टोचतंय?"

"काय टोचतंय?"

मग तिनं दाराकडं तोंड करून हाक मारली, "या डॉक्टर!"

इंगवले कापत होते आणि गणपतराव बोलत होते. उशाशी बसलेल्या शरयूच्या हातात त्यांची नाडी. म्हैस जंगलात चुकली होती, तीन दिवस शोधली, वाघाचे ठसे दिसले.

"मग?" शरयू म्हणाली. भूल दिलेल्या माणसाला 'मग' म्हणायची तिची ही पहिलीच वेळ. तिनंच 'मग, मग' करत त्यांना बोलतं ठेवलं.

मधेच गणपतरावांनी विचारलं, "पर डाक्तरसायेब, कवा सुरू करणार?"

"शिवायला घेतलंय," इंगवले म्हणाले. "गप पडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू वॉर्डात गेली. तोंडावर फडकं नव्हतं. गणपतरावांना उशीला टेकवून बसवलं. "डोकं दुखतंय?"

"न्हाय."

"मान हलवा. आता?"

"न्हाय की. कशाला दुखंल?" त्यांनी तिला खालून वर न्याहाळलं. "तुमी नर्सबाई व्हय? मग एक काम करा. काल माझ्या उशाशी एक बाई बसल्यात्या, तोंड बांधून. त्यास्नी सांगा, म्हस गावली म्हणावं. ऱ्हाऊनच गेलं बगा सांगायचं."

"कुठं गावली?"

"ते त्यास्नीच सांगीन की."

मीच ती, एवढे दोन शब्द. म्हणायला काय जात होतं? पण कालचं ते बोलणं ज्या बाईशी झालं होतं, ती यांच्या लेखी कोणी वेगळीच होती, आणि तिची जागा घ्यायला शरयूला धीर झाला नाही.

"सांगते," ती म्हणाली. त्यांच्या कागदावर 'डोकेदुखी नाही' एवढं लिहिलं आणि थिएटरकडं वळली. पुढचा पेशंट टेबलावर पाय सोडून बसला होता, आणि डॉ. इंगवले, कोणी न सांगता, दाराबाहेर उभे होते.