अर्ध्या महिन्याची उचल

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी धाराशिवच्या त्या हॉलमध्ये ताईंनी विचारलं, "कुणाला काही शंका?" माझ्याकडं शंकाच शंका होत्या आणि हात काही वर जाईना. बाकीच्या मुली प्रमाणपत्राचं विचारत होत्या, दिवाळीच्या सुट्टीचं विचारत होत्या. माझं वेगळंच चाललं होतं. खोलीचं डिपॉझिट कोण देणार? मानधन महिना भरल्यावर. मग तोवर तांदूळ, गॅस, एसटी कशातून? माझं खातं पार चाळीसगावकडच्या बँकेत, ते चालेल का? आणि सगळ्यांत खाली दाबून ठेवलेली शंका: मधेच आईचं काही झालं, तर मला सोडतील का?

असलं विचारलं की हिला घेतलंच कसं, हे यांच्या लक्षात येईल, अशी भीती. सातवीत सुटलेली शाळा. मग बऱ्याच वर्षांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी, रडतखडत बारावी. अशा बाईला गावोगावच्या शाळांत शिक्षिका पाठवणाऱ्या संस्थेनं निवडलं, हेच मला खरं वाटत नव्हतं. पंगतीत बसायला जागा दिली त्यांनी. वर मीठ कमी आहे म्हणायचं कसं?

शेवटी हिशेब बघणाऱ्या काकांनीच विषय काढला. तुळजापूरचा माणूस, आवाज देवळाबाहेरच्या दुकानदारासारखा खणखणीत. "पैशाची चिंता करू नका, पोरींनो. पयल्या महिन्याचं निम्मं आधीच मिळंल. उचल म्हणा की!"

मुली खूश झाल्या, रांग लागली. मी मागंच उभी राहिले.

आमच्याकडं उचल म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा कोयता. उचल घेतली की ती फिटेपर्यंत माणूस मुकादमाचा. घरी कुणी वारलं तरी उसाच्या फडातून हलायचं नाही. पळालं कुणी, तर जीप दारात उभी. ज्या वर्षी आईची कंबर धरली, त्या वर्षी बापानं मुकादमाला तिच्या जागी माझं नाव सांगितलं. दप्तर खुंटीला राहिलं आणि मी अर्धा कोयता झाले.

"मला नको, काका," मी म्हटलं.

"नको? का ओ बाई, घरचा साखर कारखाना हाय का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार?

माझी शाळा भूमकडच्या एका लहान गावात. त्याच गावात राहायचं, ही संस्थेची अट. खोली नाही तर नेमणूक नाही. खोली मिळाली, शाळेला लागूनच. मालकीणबाईंनी चहा दिला, पाण्याचा नळ दाखवला आणि मग म्हणाल्या, "डिपॉझिट तेवढं उद्या सांजच्याला द्या. न्हायतर नर्सबाई इचारून गेल्यात, त्यास्नी देते. राग मानू नका मास्तरीणबाई, आमाला बी संसार हाय."

मास्तरीणबाई! आयुष्यात पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं आणि उद्या संध्याकाळपर्यंतच मी ती होते. त्या रात्री झोप कसली.

सकाळी धाराशिवची पहिली एसटी धरली. बाईमाणसाला अर्धं तिकीट, म्हणून तेवढं तरी परवडलं. वाटभर एकच वाक्य घोकत होते. ऑफिसात काका एकटेच होते, शेंगा सोलत बसलेले. मी उभ्याउभ्याच सुरू केलं.

"काका, मधेच घरी जावं लागलं तर?"

"जावा की. रजेचा अर्ज टाका."

"आणि उचल फिटली नसली तर?"

"तर फिटंल नंतर."

"मला न्यायला कुणी घरी तर येणार नाही ना?"

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं. मग हळू म्हणाले, "बाई, तुमी कोयत्यावर गेलावता व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"आता घ्या! आमच्या जिल्ह्यातनं गाड्याच्या गाड्या जात्यात तोडीला, आन् माझ्या जिभेला तेवढं बी कळलं न्हाय." ते उठले. कपाटातून कागद काढला. वर त्यांच्याच अक्षरात 'उचल' लिहिलेलं होतं. त्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'आगाऊ मानधन'. "हे तीन महिन्यांत मानधनातनं थोडंथोडं वळतं हुईल. मधी सोडून गेलात तर राहिलेलं जमंल तसं द्या. आन् न्यायला यायचं म्हणता, तर त्याला आमच्याकडं जीप तर पायजे! साधी सायकल न्हाय ऑफिसला."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. तरी कागद मी दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायला घेतला तेव्हा काका म्हणाले, "वाचा, वाचा. शेंगा हायत अजून." मग खात्याचंही विचारलं. चालतं म्हणाले, कुठल्याही गावचं चालतं.

दुपारी डिपॉझिट दिलं. त्याआधी घरी जायच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवले. अजून तिथंच आहेत. तांदूळ बदलतात, ते तसेच.

संध्याकाळी आईला फोन केला. लपवायचं ठरवलं होतं, पण तिच्यापुढं माझं काही टिकत नाही. "आई, उचल घेतली," मी म्हणाले आणि तिकडं नुसता कोंबड्यांचा आवाज येत राहिला.

"कितीची?"

"अर्ध्या महिन्याची."

"अंगठा दिला?"

"सही केली. वाचून."

"नाव कोणाचं लावलं? बापाचं?"

"माझं."

"एकटीचं?"

"एकटीचं."

परत कोंबड्या. मग ती अहिराणीत म्हणाली, "जेवनी का तू?"

जेवले नव्हते. जेवले म्हणून सांगितलं.