कातळमाळची पहिली माणसं

शकु साकीनाक्याला एका गाळ्यात इलेक्ट्रिक स्विचचं पॅकिंग करायची आणि राहायची चारकोपला. माहेर मात्र तिचं घाटमाथ्यावरचं, कातळमाळ नावाच्या लहानशा गावातलं. आता तिथे शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागते. गाव कसं वसलं विचाराल तर सगळे एकच सांगतात: एका इंग्रज साहेबाला इथली हवा मानवली, त्याने बंगला बांधला.

हे ऐकलं की शकुची कमळआत्या चिडायची. "साहेब काय उडत आला होता वर? घाट कोणी फोडला?"

सुरुंग लावणारी, खडी फोडणारी आपली माणसं होती. रस्ता झाल्यावर मुकादमाने त्यांना निघा म्हटलं, ती निघाली नाहीत. त्यांच्या झोपड्या म्हणजेच पहिलं कातळमाळ, असं आत्या सांगायची. त्या सगळ्यांची नावं तिच्या आजीने तिच्याकडून घोकून घेतली होती.

म्हातारपणी फोनवर तिचं एकच पालुपद. "शके, येऊन जा गं. डोक्यात आहे तोवर ऐकून घे."

"येते ना आत्या. आता ऑर्डरची गडबड आहे, खाडा धरतात. मे महिन्यात नक्की."

मे गेला. मग लेकीची, दीप्तीची, बारावी आली. आणि एक दिवस आत्याला अर्धांगाचा झटका आला. शकु धावत गेली, उशाशी बसली. "आत्या, सांग ना, कोण कोण होतं?" आत्याने तिचा हात घट्ट धरला, ओठ हलवले, शब्द काही उमटेना. थोड्याच दिवसांत ती गेली.

पुढे गावाने बाजारात स्थापनेचा फलक लावायचं ठरवलं. शकु रजा टाकून बैठकीला गेली. "साहेबाच्या आधी घाट फोडणारे इथे राहत होते. त्यांचीही नावं लावा."

समितीचे नंदकुमारभाऊ भला माणूस. "लावू की, ताई. सांगा नावं."

शकुला एकच आठवलं, स्वतःच्या खापरपणजोबांचं. भिवा. बाकीची लहानपणापासून कितीदा कानांवरून गेली होती, पण तिने कधी मनावर घेतलं नव्हतं. वस्तीत विचारावं असं जुनं माणूसही आता उरलं नव्हतं.

फलक लागला. वर साहेबाचं नाव, खाली 'घाट फोडणारे भिवा आणि त्यांचे सोबती'. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दीप्तीने फलक वाचला. "मम्मी, सोबती म्हणजे कोण गं?"

"विचारायचं राहिलं, बाळा," शकु म्हणाली, आणि भर बाजारात तिला रडू आवरेना.