मावशीचं अंत्यदर्शन, मार्गे गोवा

आमच्या घरात विमानाची तिकिटं मी काढतो. म्हणजे, काढत असे.

हे खातं मला कोणी दिलं नव्हतं, मीच ओढून घेतलं होतं. चार साईट एकदम उघडायच्या आणि जिथे जायचंय ते गाव सोडून आजूबाजूच्या सगळ्या विमानतळांचे भाव बघायचे, ही माझी पद्धत. इंदूरला जायचं तर आधी अहमदाबाद बघायचं. नागपूरला जायचं तर हैदराबाद! एकदा जयपूरच्या लग्नाला मी बायकोला सुरतेहून विमानात बसवलं होतं. आमच्या घरून, वसईजवळच्या आचोळ्याहून निघून, मुंबईच्या विमानतळाकडे पाठ करून आम्ही गुजरातेत गेलो आणि तिथून राजस्थानात. लग्न लागून गेलं होतं, पण जेवण मिळालं. (बायको, म्हणजे नीलिमा, आजही त्या जेवणाबद्दल बोलत नाही.)

"थेट विमानाने जाणारे लोक आळशी असतात," असं मी ऑफिसात उघड म्हणायचो. लोक ऐकून घ्यायचे.

मग एका संध्याकाळी बेळगावहून प्रकाशचा फोन आला. प्रकाश माझा मावसभाऊ. शालूमावशी गेली.

शालूमावशी आईची एकुलती एक बहीण, आईपेक्षा चार वर्षांनी लहान. आमच्याकडे आली की तिला दुसऱ्याच दिवशी मासळीसाठी वसईचं पाचूबंदर गाठायचं असे. किल्ल्यावरून पुढे, थेट होड्या लागतात तिथे. तिथल्या कोळणीशी ती बेळगावी मराठीत भांडायची आणि कोळीण तिच्याशी आपल्या मराठीत.

"पाणी मारलंयस की गं ह्यावर!" मावशी म्हणायची.

"नाय गो बाय, मावरा ताजा हाय! आताच उतरलाय!"

दोघी एकमेकींना जेमतेम कळायच्या, पण भांडण संपलं की मावशी तिच्याजवळ टोपलीशी बसून चहा प्यायची. आई लांब उभी राहून नाकाला पदर लावायची आणि म्हणायची, "ही लहानपणापासून अशीच निर्लज्ज." हे म्हणताना तिला कोण अभिमान वाटायचा!

तर ती मावशी गेली. आई पलंगावर बसून राहिली. रडली नाही. फक्त म्हणाली, "सत्या, मला तिचं तोंड बघायचंय."

फोनवर प्रकाश सांगत होता, "उद्या दुपारपर्यंत थांबतो आम्ही. त्याच्यापुढं नाही जमायचं रे. डॉक्टर पण जास्त ठेवू नका म्हणालेत."

मी मोबाईल घेतला. बेळगावचं थेट विमान होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा निघून दुपारच्या आत पोचवणारं. पण भाव अव्वाच्या सव्वा. आणि मग माझा अंगठा, सवयीने, आपोआप गोव्याकडे वळला.

गोव्याचं विमान भल्या सकाळी होतं. भाव निम्म्याहून कमी! गोव्याला उतरायचं, गाडी करायची, चोर्ला घाट चढायचा की बेळगाव. मी कागदावर गणित मांडलं. दोनदा तपासलं. उत्तर असं आलं की थेट विमानवाले अजून आकाशातच असतील तेव्हा आम्ही मावशीच्या दारात असू.

"स्वस्तही आणि लवकरही!" मी म्हणालो. घरात सुतक असताना इतक्या उत्साहाने बोलू नये हे मला नीलिमाच्या डोळ्यांवरून कळलं.

माझी ताई वसईत राहते. तिने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी बाबा थेट जाते. आई, तू माझ्याबरोबर चल."

आईने माझ्याकडे बघितलं. "सत्या म्हणतोय ना, लवकर पोचू. मी त्याच्याबरोबर जाते."

ते वाक्य ऐकून तेव्हा माझी छाती फुगली होती. आता ते आठवलं की मी उठून पाणी पितो.

सकाळी विमानतळावर आम्ही तिघं जिथे बसलो तिथे आजूबाजूला सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या. गवती टोप्या, रंगीत टोप्या, एका माणसाच्या डोक्यावर तर दोन. आई पांढऱ्या सुती साडीत, नीलिमा फिकट राखाडी, मी न केलेल्या दाढीत. आमच्या समोर एकसारखे पिवळे टी-शर्ट घातलेली आठ-दहा पोरं होती. त्यांच्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं आणि ते दुःख ते गोव्यात विसरणार होते.

त्यातल्या एकाने आईला अदबीने विचारलं, "आँटी, फर्स्ट टाइम गोवा?"

"हो," आई म्हणाली.

"नाइस! किधर जा रहे हो?"

आईचं हिंदी बेताचं. ती म्हणाली, "अंत्यदर्शनाला."

पोरगा विचारात पडला. मग मित्राकडे वळून म्हणाला, "ए, ये कौन सा बीच है? नॉर्थ में है क्या?"

मित्राने लगेच मोबाईलवर शोधायला सुरुवात केली. मी मध्ये पडून समजावलं. पुढचा अर्धा तास ती सगळी पोरं आमच्यासमोर मान खाली घालून बसली होती. एकाने टोपीसुद्धा काढली. नवऱ्या मुलाने आईला पाण्याची बाटली आणून दिली.

अर्धा तास कशाला, त्याहून कितीतरी जास्त वेळ बसली. कारण विमान आलंच नव्हतं! ते जिथून यायचं होतं तिथेच उशिरा निघालं होतं. माझ्या गणितात विमान उशिरा येण्याची जागाच नव्हती. बोर्डावर वेळ पुढे सरकत होती आणि मी ती जणू दुसऱ्याच कोणाच्या विमानाची असावी तसा बघत होतो.

"पोचू ना रे?" आईने विचारलं.

"आरामात," मी म्हणालो.

गोव्याला उतरलो तेव्हा ताईचं विमान मुंबईहून निघायच्या बेतात होतं. म्हणजे शर्यत अजून संपली नव्हती! (मी हे मनात म्हणालो असं मला वाटत होतं. पण नीलिमा म्हणाली, "शर्यत काय लावलीय?")

गाडीचा ड्रायव्हर फ्रान्सिस नावाचा, आनंदी गृहस्थ. त्याने सामान टाकताटाकता विचारलं, "सर, फर्स्ट कळंगुट करूया की डायरेक्ट हॉटेल?"

"बेळगाव."

"बेळगावांत पळोवंक कितें आसा, सर?" तिथे बघण्यासारखं काय आहे, हे त्याला कळेना. मग आईकडे लक्ष जाऊन त्याने गाणं बंद केलं, क्रूसाची खूण केली आणि त्यानंतर गाडी अशी काही हाणली की माझं गणित मला पुन्हा जिवंत होताना दिसलं.

ते घाटात मेलं. अर्ध्या चढावर एका वळणात लांबलचक ट्रेलर आडवा अडकला होता. पुढचं तोंड दरीकडे, मागचा भाग डोंगराला टेकलेला. मागे गाड्यांची रांग, पुढे गाड्यांची रांग. लोक खाली उतरून शेंगा खात होते. म्हणजे ते बराच वेळ तिथे होते.

"दुसरा रस्ता?" मी विचारलं.

"आसा सर, आंबोलीन. पण मागीं कसो वचूं?" फ्रान्सिसने मागे बोट दाखवलं. आमच्या मागे एक एसटी, तिच्यामागे आणखी एक.

आम्ही थांबलो. तेवढ्यात वर कुठेतरी, ढगांच्या आड, विमानाचा आवाज आला. ते बेळगावचंच होतं की आणखी कुठलं, देव जाणे. पण तिघांनीही माना वर केल्या.

"ताई गेली," नीलिमा हळूच म्हणाली.

दुपार कलायला लागली तेव्हा ताईचा व्हिडिओ कॉल आला. घाटात रेंज येत-जात होती. ताई रडत होती. "सतीश, कुठे आहेस? हे लोक आता थांबत नाहीयेत रे. आईला दे, आईला दे. मी मावशीला दाखवते."

मी फोन आईच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला, आरशासारखा. पडद्यावर आधी छत दिसलं, मग पंखा, मग कोणाचं तरी नाक (ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे भावजींचं, मी ओळखलं), मग पांढरं कापड. ताई फोन फिरवत मावशीच्या पायांकडून वर नेत होती. आणि चित्र थांबलं. रेंज गेली.

पडद्यावर फक्त मावशीची पावलं राहिली होती. हळद लावलेली.

मी खिडकीतून हात बाहेर काढला, गाडीतून उतरलो, कठड्यावर चढलो, "हॅलो! ताई, हॅलो!" असं दरीत ओरडलो. शेंगा खाणारे लोक बघायला लागले. एकाने मला सांगितलं की पुढच्या वळणावर रेंज येते. मी धावत निघालो आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं की फोन आईकडेच आहे.

परत आलो तर आई पडद्यावर बोट ठेवून नीलिमाला काहीतरी दाखवत होती.

"ही करंगळी बघ. वाकडी आहे ना? ती मी मोडली. वरवंटा धुवायला घेतला होता, हातातून सुटला. सहा वर्षांची होती ती. घरात सांगितलं नाही तिनं. म्हणाली, मी दगडाला ठेचकाळले."

मग पडदा काळा झाला. आईने फोन मला परत दिला आणि पदराने डोळे पुसले. तेवढंच.

ट्रेलर निघाला, पण आम्ही पोचलो तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. दारात पाय धुण्यासाठी बादली ठेवलेली. आत मावशीला ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला होता. आई त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसली.

प्रकाश माझ्या गळ्यात पडला. "जमेल तेवढं थांबलो रे आम्ही. खूप थांबलो."

आईने त्याला जवळ बोलावलं. त्या घरात आईला सगळेच अक्का म्हणतात. "तिला सांगितलं होतंस का, अक्का निघालीय म्हणून?"

"सांगितलं की अक्का. कानात सांगितलं."

"मग बघितली असेल तिनं वाट," आई म्हणाली आणि तेव्हा कुठे मोठ्यांदा रडली.

मला कोणी रागावलं नाही. मी तयारी केली होती. ताईने भाकरी वाढली, भावजींनी चटणी पुढे केली. मी म्हणालो, "ताई, बोल काहीतरी." ती म्हणाली, "जेव." त्या जेवणापेक्षा सुरतमार्गे गेलेल्या लग्नातलं जेवण सोपं होतं.

आई आणि नीलिमा बाराव्यापर्यंत तिथेच राहिल्या आणि ताईबरोबर थेट विमानाने परतल्या. मला सुट्टी नव्हती. शिवाय मी येताना परतीचंही गोव्याचंच तिकीट काढून ठेवलं होतं, आणि ते परत होत नव्हतं. म्हणून मी एकटा घाट उतरलो आणि टोपीवाल्यांत जाऊन बसलो.

शेजारी विरारचे एक काका होते. रापलेले, प्रसन्न. "एकटेच गोव्याला? वहिनींना माहितीय ना?" त्यांनी डोळा मिचकावला.

"मावशी वारली."

काका एकदम गंभीर झाले. "अरे अरे. गोव्यात असायच्या?"

"बेळगावला."

काकांनी बोटाने हवेत नकाशा काढून बघितला. "बेळगावला विमानतळ आहे ना?"

"आहे."

"बंद आहे का सध्या?"

"चालू आहे."

"मुंबईहून विमान नाही?"

"रोज आहे."

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, "होतं असं. अशा वेळी माणसाचं डोकं चालत नाही."

मी मान डोलावली. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की ते तिकीट काढताना माझं डोकं आयुष्यात कधी नव्हे इतकं जोरात चालत होतं!