बाबांची सरकलेली बेंबी

आमच्या बाबांचा राग नाकाच्या शेंड्यावर. तो मलाही पुरेपूर मिळालाय, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. एरवी तो राग बाहेर पडला की संपायचा. एकदाच आत राहिला, आणि घराला घोर लागला.

भांडण झालं सोंगट्यांवरून. नरसीजवळचं आमचं गाव, राज्य निजामाचं, आणि संध्याकाळची करमणूक म्हणजे ओसरीवरचा सोंगट्यांचा पट. बाबा आणि गल्लीतले पिंजारी चाचा रोज खेळायचे. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजून चाचा दाढीत कापूस घेऊनच यायचे. एका संध्याकाळी त्यांनी खेळलेली चाल मागं घेतली. बाबा म्हणाले, "लबाड हायेस तू." चाचा उठले, चपला घातल्या आणि गेले. तेव्हापासून अबोला.

मग बाबांचं पोट दुखायला लागलं. दुखणं उठायचं दिवेलागणीला, नेमकं पट मांडायच्या वेळी. हे मला आत्ता कळतं. तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. दोन घासांनंतर भाकरी ताटातच राहायची. हिंगोलीच्या वैद्याचं चूर्ण झालं, दृष्ट काढून झाली. सुगी तोंडावर आली आणि बाबांना विळा उचलवेना. त्यांचा सदरा अंगावर लोंबायला लागला. तो धुताना आई रडायची.

शेवटी अख्ख्या गल्लीनं निदान केलं, बेंबी सरकली. आमच्याकडं पोटदुखी हटेना की हेच निदान ठरलेलं. बेंबी जागेवर बसवायला जाणता हात लागतो, आणि गावात तसा हात एकाच माणसाचा होता. पिंजारी चाचांचा.

"मेलो तरी त्याला हात लावू देनार न्हाई," बाबा म्हणाले.

"मरा मंग," आई म्हणाली, आणि पदर खोचून स्वतः चाचांच्या दाराशी गेली.

हातातलं काम टाकून चाचा तिच्या मागोमाग आले. त्यांना पाहताच बाबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

"सरळ झोप," चाचा खेकसले. "आन तोंड बंद. बोललास तर पुन्हा सरकंल."

तसा नियमच होता. बेंबी बसवताना दुखणाऱ्यानं बोलायचं नाही. चाचांनी बेंबीवर अंगठा दाबून आतला ठोका जागेवर आहे का ते पाहिलं. थोडे थांबले. मग तेल घेऊन चोळायला लागले, आणि चोळता चोळता मनातलं सगळं बोलून घेतलं.

"एक चाल मागं घेतली तर मानूस लबाड व्हतो व्हय रे? मलाबी झोप न्हाई. डोकं ठणकून राहिलंय. कोनासंगं एक डाव खेळलो न्हाई मी."

 बाबांच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडं ओघळत होतं. मला त्या वेळी बाबा फार फार आवडले.

बेंबी बसली की लगेच काहीतरी खायचं असतं. आईनं भाकरी-पिठलं आणलं. बाबांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि मगच तोंड उघडलं.

"यालाबी वाढ. कसा वाळून गेलाय बघ."

जेवून चाचा निघाले तेव्हा आईनं दारात विचारलं, "लई सरकली व्हती का, भाई?"

"कुठं? जाग्यावरच व्हती, भाभी. अंगठा ठेवला तवाच कळलं."

"मंग इतका येळ काहून चोळून राहिले व्हते?"

चाचांनी ओसरीकडं पाहिलं. "हात काढला असता, तर पुन्हा कोनत्या तोंडानं ठेवला असता?"